सायलेन्सरवाल्याचा होकार

गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या त्या गल्लीत बरंबरं मिस्त्रींचं खरं नाव कुणाला विचारलंत, तर सांगणारा मिळाला नसता. नाव पाटीवर होतं, पण पाटी पडली सायलेन्सरच्या दुकानाची. वीस वर्षांच्या धुरानं ती इतकी काळी झाली होती की तिच्यावर काय लिहिलंय ते मिस्त्रींनाच ठाऊक. गिऱ्हाईक काहीही सांगो, आवाज कमी करा म्हणो, संध्याकाळपर्यंत द्या म्हणो, मागचं काम आठ दिवसांत बोंबललं म्हणो, मिस्त्री मान हलवायचे आणि म्हणायचे, "बरं, बरं." त्यावरून हे नाव पडलं. समोरच्या टायरवाल्यानं एकदा पैज लावून विचारलं होतं, "मिस्त्री, हे दुकान मला देऊन टाकता का?" मिस्त्रींच्या हातात ग्राइंडर चालू होता. म्हणाले, "बरं, बरं." गल्ली आठवडाभर हसत होती. मिस्त्रीही हसले, कारण सगळे हसत होते.

माणूस कामाला चोख. सायलेन्सर सोडून दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. गाडीचा ब्रेक निकामी झालेला डोळ्यांनी दिसत असला तरी "ते त्या कोपऱ्यावरच्याकडे" म्हणून मोकळा. आणि एक विचित्र नियम होता. गाडी सकाळी आठला आणा, काम नऊला संपो, गाडी ताब्यात मिळायची ती दुपारी एकनंतरच. लोक कुरकुरायचे, घड्याळ दाखवायचे. मिस्त्री बरं बरं म्हणायचे आणि गाडी एकनंतरच द्यायचे. म्हाताऱ्याचा हेका, दुसरं काय, असं म्हणून लोकांनी ते सोडून दिलं होतं.

एक वाजता त्यांची बायको डबा घेऊन यायची. ती आली हे गल्लीला आधी कळायचं, कारण तिची व्हॅन मोठ्या रस्त्यावरून वळली की कानठळ्या बसायच्या. सायलेन्सरवाल्याच्या बायकोच्या गाडीचा सायलेन्सर फुटका, यावर टायरवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी विनोद करून झाले होते. तिला त्याचं काही नव्हतं. तिचा धुलाईचा धंदा होता. चार लॉज आणि दोन छोटी इस्पितळं यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे असं सगळं त्या व्हॅनमधून यायचं-जायचं. यंत्रांच्या खडखडाटात हयात गेलेली. बोलायची ती असं की पलीकडच्या इमारतीत ऐकू जावं. त्यात नवऱ्याशी बोलताना आणखी एक तऱ्हा होती. त्याचं कोपर धरायची, तोंडासमोर तोंड आणायची आणि तेच वाक्य दोनदा म्हणायची. "डबा खाऊन घ्या. डबा खाऊन घ्या म्हणतेय." लेक शाळेत होती तेव्हा तिला याची भारी लाज वाटायची. "आई, हळू बोल ना गं," ती म्हणायची. आई हसायची आणि तिसऱ्यांदा तेच ओरडून सांगायची.

आता आई जाऊन आठ महिने झाले होते. आणि या आठ महिन्यांत लेक बापाच्या दुकानाची पायरी चढली नव्हती.

धुलाईचा धंदा तिनं अंगावर घेतला होता. धुलाईच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची, पहाटेपासून राबायची, आईची व्हॅन चालवायची. बापाच्या घरी महिन्यातून एकदा जायची. दारातच उभी राहून काय हवं-नको विचारायची, तेही खालमानेनं, हळू आवाजात. तो "बरं, बरं" म्हणायचा, आणि तिच्या डोक्यात सणक जायची. ते दोन शब्द आता तिला ऐकवत नव्हते.

त्याला कारण होतं. आईच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता आमच्या हातात काही नाही, न्यायचं असेल तर घरी न्या. आईला कुणी सांगायची गरज पडली नाही, तिला कळलंच होतं. त्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री नेहमीप्रमाणे येऊन खाटेशेजारी स्टुलावर बसले. लेक खिडकीपाशी पाण्याची बाटली भरत होती. आईनं तोंडावरचा मास्क जरासा वर उचलला आणि नवऱ्याला म्हणाली, "मला घरी न्या. मला इथं नको. उद्या सकाळी गाडी घेऊन या." आवाज असा बारीक झाला होता की लेकीला आपली आई हीच का असं वाटावं, पण तिनं शब्द न् शब्द ऐकला. मिस्त्रींनी मान हलवली. तिचा हात दोन्ही हातांत घेतला, थोपटला आणि म्हणाले, "बरं, बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं लेकीकडून केस विंचरून घेतले. इस्पितळाचा झगा काढून बाहेर जायचे कपडे घालायला लावले. पिशवी भरून पायाशी ठेवायला लावली. मग उशी सरकवून खिडकीकडे तोंड करून पडून राहिली. गाडी आली असती तर सांगायला नकोच होतं, त्या फुटक्या सायलेन्सरनं चौथ्या मजल्यावरसुद्धा आरोळी दिली असती. दहा वाजले, अकरा वाजले. लेकीनं तीनदा फोन लावला. बाबा दुकानात असले की फोन उचलत नाहीत हे जन्मापासून माहीत होतं, तरी लावला. "मी दुसरी गाडी करते," ती म्हणाली. आईनं बोट हलवून नको म्हटलं. "येतील. हो म्हणालेत ते."

दुपारी दोनच्या सुमारास आई गेली. तोंड खिडकीकडेच होतं.

मिस्त्री चारला आले, रोजच्या वेळेला, स्कूटरवरून, हातात मोसंब्यांची पिशवी. लेक दारातच उभी होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिनं एवढंच विचारलं, "बाबा, गाडी कुठंय?" त्यांनी तिच्या खांद्यावरून आत खाटेकडे पाहिलं. चादर तोंडावर ओढलेली होती. मोसंबी हातातून सुटली, जिन्यापर्यंत घरंगळत गेली. आणि ते म्हणाले, "बरं... बरं."

त्या दिवसापासून लेकीच्या मनात अढी बसली ती बसलीच. तिनं हजारदा विचार केला. घरात मरण नको म्हणून घाबरले असतील. दुकान बुडेल म्हणून आले नसतील. कदाचित विसरलेच असतील, आणि ते तर सगळ्यात वाईट. काही झालं तरी हा माणूस तोंडावर हो म्हणाला आणि आला नाही. तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. असे आठ महिने गेले.

मग व्हॅन पासिंगला नेली तेव्हा तिथल्या साहेबानं कानावर हात ठेवले आणि गाडी परत पाठवली. सायलेन्सर बदलून आणा, तोवर रस्त्यावर काढू नका. व्हॅन इतकी जुनी की तिचे भाग येणं केव्हाच बंद झालेलं. लेक तीन दुकानं फिरली. तिसऱ्यानं गाडीखाली वाकून बघितलं आणि हसून म्हणाला, "ताई, घरचा मिस्त्री सोडून आमच्याकडे कशाला? याला बरंबरंच पाहिजेत." गाडी बंद म्हणजे धंदा बंद. इस्पितळाच्या चादरी काही थांबत नाहीत. तेव्हा आली, निमूटपणे.

सकाळचे दहा वाजले होते. तिनं व्हॅन दुकानासमोर उभी केली तरी मिस्त्री पाठमोरे बसून कानशीनं पत्रा घासत होते. एवढा मोठा आवाज, तरी मागं वळून बघितलं नाही. मुद्दामच, ती मनात म्हणाली. ती समोर जाऊन उभी राहिली तेव्हा ते दचकून उठले, हात पुसले आणि स्टूल पुढं केलं. ती बसली नाही. "सायलेन्सर बदलायचाय," म्हणाली.

मिस्त्रींनी तिच्याकडे निरखून पाहिलं, मग गाडीकडे. शिडी लावून माळ्यावर चढले आणि गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड खांद्यावर घेऊन उतरले. गोणपाट सोडलं तर आत कोरा करकरीत सायलेन्सर.

"हिच्यासाठीच आणून ठेवला होता," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. दुसऱ्या गाडीचा आहे, पण मापात बसेल."

"दोन वर्षं?" लेक म्हणाली. "मग बसवला का नाही?"

"गाडी अर्धा दिवस सोडायची नाही ना ती. म्हणायची, उद्या. मी पण म्हणायचो, उद्या."

लेकीला वाटलं, आई एकोणीस दिवस इस्पितळात होती, तेव्हा गाडी इथंच या दुकानात उभी होती, तेव्हा काय झालं होतं? पण ती बोलली नाही. बोलायला लागली तर थांबता येणार नाही याची तिला धास्ती होती.

मिस्त्रींनी चाकांना लाकडी ठोकळे लावले. जॅकवर गाडी उचलली, खाली टेकूला लोखंडी घोड्या सरकवल्या आणि गाडी हलवून हलवून बघितली, कारण जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणारा मिस्त्री फार दिवस मिस्त्री राहत नाही. मग फळीवर आडवे होऊन खाली सरकले. बाहेर उरले दोन पाय, टाच झिजलेल्या बुटांतले. गंजलेल्या नटांवर तेल सोडलं आणि तेल मुरेपर्यंत तसेच पडून राहिले. लेकीला पाने-हातोडी द्यावी लागत होती. खालून हात बाहेर यायचा, ती त्यात वस्तू ठेवायची. दोन नट सुटले. तिसऱ्याचे कोपरेच झिजून गोल झालेले, पाना नुसता फिरायचा. तो ग्राइंडरनं कापावा लागला. मग जुना सायलेन्सर एकदाचा खाली आला. गंजून चाळण झाली होती. मिस्त्रींनी वेळोवेळी लावलेली पत्र्याची ठिगळं त्याच्यावर होती, एकावर एक, सात. लेकीनं मोजली. प्रत्येक ठिगळ कडेनं नीट घासलेलं होतं, कुठं धार लागू नये म्हणून.

नवा बसवायला जास्त वेळ गेला. इंजिनाकडून येणारा पाइप आणि सायलेन्सरचं तोंड यांच्यात बोटभर फरक होता. मिस्त्रींनी मध्ये एक तुकडा जोडला, मागच्या टांगणीला नवी पट्टी वेल्ड केली. टांगायच्या रबरी कड्या जुन्या चिरल्या होत्या, त्या फेकून नव्या लावल्या. सगळे बोल्ट आधी सैल ठेवले. सायलेन्सर वर गाडीच्या तळाला घासत नाही ना, एक्सल वर आला की ठोकणार नाही ना, हे चार बोटं घालून सगळीकडे मोजलं आणि मग इंजिनाच्या बाजूनं सुरुवात करून मागं मागं येत एकेक बोल्ट आवळला. कुठं घाई नाही. लेक उभी राहून बघत होती आणि तिला रडू येत होतं, रागाचं की कसलं ते तिला सांगता आलं नसतं. हाच माणूस एवढा जपून काम करतो, हेच तिला सोसत नव्हतं.

"इंजिन चालू कर," मिस्त्री खालून म्हणाले. "आणि ती ओली चिंधी घे. हातमोजा घाल. मागच्या नळीवर चिंधी दाबून धर."

हे लेकीनं लहानपणी बघितलं होतं. नळीचं तोंड दाबलं की धुराला बाहेर जायला जागा राहत नाही. मग जिथं सांधा कच्चा असेल तिथून तो फुस्स करून निघतो, आणि ऐकणाऱ्याला गळती सापडते. तिनं चिंधी दाबली. इंजिन गुरगुरलं, आणि लगेच मधल्या सांध्यातून आवाज यायला लागला. फुस्स, फुस्स, चांगला खणखणीत. मिस्त्रींचं डोकं त्या सांध्यापासून वीतभर अंतरावर होतं.

"छान," ते म्हणाले. "कुठं गळत नाही."

लेकीला वाटलं, हे काय. "बाबा, गळतंय," ती म्हणाली.

"बरं, बरं."

"मधल्या सांध्यात गळतंय."

"बरं, बरं."

तिनं त्या दोन बुटांकडे बघितलं. समोर टायरवाला चाकात हवा भरत होता. तिला त्याची ती जुनी पैज आठवली. ती नेहमीच्या आवाजात, अगदी स्पष्ट म्हणाली, "बाबा, तुमच्या बुटाला आग लागलीये."

बूट हलले नाहीत. खालून उत्तर आलं, "बरं, बरं."

तिनं चिंधी टाकली आणि जाऊन इंजिन बंद केलं. मग तिथंच ड्रायव्हरच्या सीटवर बसली. आईनं त्याचं कोपर धरणं. तोंडासमोर तोंड आणणं. प्रत्येक वाक्य दोनदा. तिला वाटायचं आई दादागिरी करते. आणि आपण? आपण आठ महिने दारात उभं राहून, मान खाली घालून, पुटपुटत होतो. त्यातलं या माणसापर्यंत काय पोहोचलं असेल?

मिस्त्री बाहेर सरकून उठून बसले. लेक उतरून त्यांच्यासमोर उकिडवी बसली. त्यांचं कोपर धरलं.

"कधीपासून ऐकू येत नाही?" ती मोठ्यानं म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "कधीपासून?"

मिस्त्रींनी आधी रस्त्याकडे बघितलं, कुणी ऐकतंय का म्हणून. टायरवाला हवा भरण्यात गुंतला होता.

"सहा-सात वर्षं," ते म्हणाले. "आधी बारीक आवाज गेले. ती फुसफुस आधी गेली. मग हळू बोललेलं जायला लागलं. आता पाठीमागचा मोठा आवाजही कळत नाही. समोर तोंड दिसलं तर कळतं मला पुष्कळ." मग म्हणाले, "सायलेन्सरवाला बहिरा म्हटल्यावर गाडी कोण आणून देईल? तुझ्या आईला फक्त माहीत होतं."

"म्हणून एकनंतर?"

"हां. ती डबा घेऊन आली की ऐकायची. मी खाली असायचो. ती चिंधी धरायची आणि माझ्या बुटावर बूट आपटायची. एकदा आपटला तर पुढचा सांधा, दोनदा तर मधला, तीनदा तर मागचा. आणि सगळं ठीक असलं तर तळपायावर नुसता हात ठेवायची." त्यांनी आपल्या बुटाकडे बघितलं. "आता हात फिरवून गरम हवा लागते का बघतो. नेहमी नाही कळत. दोन गाड्या परत आल्या."

मिस्त्री चिंध्यांच्या ढिगातून एक उचलून उगाचच बोटं पुसत राहिले. मग त्यांनी विचारलं, आणि विचारताना तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही.

"एक सांगशील? इस्पितळात त्या दिवशी ती मला काहीतरी म्हणाली. तू खिडकीपाशी होतीस. तोंडावर तो मास्क होता, ओठ दिसत नव्हते. एकदा जरा वर केला तेव्हा 'उद्या' एवढं मला कळलं. बाकी काहीच नाही."

"मग परत विचारायचं ना, बाबा," ती म्हणाली.

"धाप लागत होती तिला. परत बोलायला कसं लावू? मी हो म्हटलं. ती हसली. म्हटलं, तुला मागाहून विचारू, जे काय असेल ते करू. दुसऱ्या दिवशी तेच विचारायला येत होतो." ते थांबले. "मग तू माझ्याशी बोलेचनास. मला वाटलं, माझ्याकडून काहीतरी राहून गेलंय तिचं. काहीतरी मोठं. रोज वाटतं. कशाला हो म्हटलं मी?"

लेकीनं बापाकडे बघितलं. दाढी वाढली होती. सदऱ्याचं मधलं बटण तुटलेलं, तिथं तारेचा तुकडा वळवून घातला होता. आठ महिन्यांत एवढंही आपल्याला दिसलं नाही, तिला वाटलं. खरं तिच्या जिभेवर होतं. ती तुमची वाट बघत होती. केस विंचरून, पिशवी भरून, खिडकीकडे तोंड करून. हे तिनं आठ महिने एकाच माणसाच्या तोंडावर फेकण्यासाठी सांभाळून ठेवलं होतं, आणि आता तो माणूस समोर बसून स्वतःहून मागत होता.

तिनं त्यांचं कोपर घट्ट धरलं.

"सायलेन्सरचं म्हणाली," ती मोठ्यानं म्हणाली. "माझ्यामागं गाडी पोरगी चालवेल म्हणाली. तिला हा आवाज नको. उद्या धड सायलेन्सर बसवून द्या." आणि मग, कारण तसंच करायचं असतं हे तिला आता कळलं होतं, तिनं ते सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा खोटं बोलणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

मिस्त्री तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिला वाटलं होतं, त्यांचा जीव भांड्यात पडेल.

"उद्या म्हणाली होती," ते म्हणाले. "गाडी इथंच उभी होती, या जागी. सायलेन्सर माळ्यावर होता." त्यांनी वर माळ्याकडे बघितलं. "तीन तासांचं काम, पोरी. मी आठ महिने लावले."

त्यांनी चिंधी तोंडावर धरली. चिंधी तेलकट होती, तिचे काळे डाग त्यांच्या गालांवर उमटले. लेकीला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की आठ महिन्यांत बापाचाही आला नव्हता. एक जखम झाकायला गेलो आणि दुसरी करून बसलो. ती त्यांच्याजवळ सरकली, आणि दोघं जमिनीवर, गाडीच्या आडोशाला, कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

मग मिस्त्रींनीच नाक पुसलं. काम अर्धं टाकून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मघाशी गळत होतं ना?" त्यांनी विचारलं. "तू इंजिन बंद केलंस."

तिनं दोन बोटं दाखवली.

"मधला. मी जोडलेला तुकडा." ते फळीवर आडवे झाले आणि खाली सरकले. ठोकल्याचा, आवळल्याचा आवाज आला. हात बाहेर आला, तिनं मोठा पाना दिला. हात परत आला, तिनं वॉशर दिला. मग खालून हाक आली, "कर चालू."

तिनं इंजिन चालू केलं, हातमोजा चढवला, चिंधी पाण्यात बुडवून नळीवर दाबली. कान देऊन ऐकलं. फुस्स होतं, पण आता अगदी बारीक. तिनं पाय लांब केला आणि त्या झिजलेल्या बुटावर दोनदा टोक आपटलं.

खालचा हात थांबला. नंतर पाना पुन्हा फिरला, एक आटा, अर्धा आटा.

आता नुसतं इंजिन होतं. दबलेलं, शांत, कुठूनही गळत नसलेलं. समोरचा टायरवाला मान वर करून बघायला लागला, कारण ही व्हॅन चालू असताना त्याला रस्त्यावरची बोलणी पहिल्यांदाच ऐकू येत होती. एवढ्या कमी आवाजात ही गाडी इस्पितळाच्या दारात आली असती तर वर खाटेवर कळलंसुद्धा नसतं, असं काहीतरी लेकीच्या मनात येऊन गेलं.

तिनं चिंधी सोडली. हातमोजा काढला. गाडीच्या बाजूला गुडघे टेकून बसली आणि बापाच्या बुटाच्या तळाला हात लावला. रबर झिजून मधोमध पातळ झालं होतं, आतल्या पायाची ऊब हाताला कळत होती. तिनं हात तसाच ठेवला.

आणि मग ती बोलली, हळू, आई त्या संध्याकाळी बोलली होती तेवढ्याच हळू, कारण कुठंतरी एकदा ते बोलायला हवंच होतं.

"बाबा, आईला घरी यायचं होतं. तुम्ही हो म्हणालात म्हणून ती वाट बघत होती."

तळपायावरचा हात मिस्त्रींना कळला होता. सगळं ठीक आहे, याची ती खूण.

"बरं, बरं," ते खालून म्हणाले.